इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमध्ये बिटकॉइनची मशीन लावावी का? की सरळ विकत घ्यावं?

धोटा_इचल

नमस्कार मंडळी. वय २६, इचलकरंजी. घरचा यंत्रमागाचा धंदा. मंदीमुळे काही माग बंद ठेवलेत, त्यामुळे शेडचा एक कोपरा रिकामा आहे. २५ हजार रुपये बाजूला काढलेत आणि क्रिप्टोत नीट शिकून उतरायचं आहे.

ओळखीतला एक जण अँटमायनर एस ९ ही बिटकॉइन काढायची मशीन १८ हजारांत देतोय. त्याचं म्हणणं, "तुमच्याकडे थ्री फेज आहे, वीज सवलतीची आहे, आणि मागांच्या खडखडाटात मशीनचा आवाज कुणाला ऐकू येणार?" तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून मन ओढ घेतंय.

मशीन घेऊ का? नसेल घ्यायची तर विकत घेताना सुरुवात कुठून करू? आणि उद्या हातात बिटकॉइन आला तर सुताच्या व्यापाऱ्याला तोच देऊन पेमेंट भागवता येईल का? तो एकदा सहज बोलला होता, "दिलास तर घेईन."

अजून एक. इथल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर "मशीन आमच्याकडे, नफा तुमचा, महिन्याला १० टक्के" असं चाललंय. त्यात अर्थ आहे का?

सोल्डर_मास्तर_कोल्हापूर

भावा, मशीन घेऊ नकोस. नुसतं "परवडत नाही" म्हटलं की समोरचा "आमची वीज स्वस्त आहे" म्हणतो, म्हणून हिशेबच मांडतो. मी बोर्ड दुरुस्तीचं काम करतो आणि या मशिनी माझ्या टेबलावर उघड्या पडलेल्या असतात.

एस ९ हे २०१६ चं मॉडेल. वेग साडेतेरा टेराहॅश, म्हणजे कोडं सोडवायला सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज, वीज साधारण १,३५० वॅट. रात्रंदिवस चालवली तर दिवसाला ३२ युनिट. आता हाती काय लागतं ते बघ. ब्लॉक म्हणजे बिटकॉइनच्या व्यवहारांच्या वहीचं एक पान, मशिनी कोडं सोडवून ते मिळवतात. असा एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी सापडतो, म्हणजे दिवसाला १४४. एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन मिळतात. म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला ४५० नवीन नाणी, आणि ती सगळ्या मशिनींत वेगाच्या प्रमाणात वाटली जातात. जगाचा एकूण वेग एक हजार एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धर, २०२५ मध्ये तो त्या घरात गेला. त्यात तुझ्या मशीनचा वाटा साडेसात कोटींत एक. दिवसाची कमाई साधारण ६०० सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. बिटकॉइन ८० लाखांचा धरला तर हे झाले ४८ रुपये.

वीज १० रुपये युनिटने ३२० रुपये. सवलतीची ४ रुपयांनी धरली तरी १२८. म्हणजे मशीन फुकट मिळाली तरी रोज ८० रुपये खिशातून जाणार.

भाव वाढला तर? वाढला की जगभरात जास्त मशिनी लागतात, आणि दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, कोडं आपोआप अवघड होतं. तुझा वाटा अजून बारीक होतो. नवी एस २१ घेतली, २०० टेराहॅशची, तरी तिला ३,५०० वॅट लागतात. दिवसाला ८४ युनिट, ८४० रुपये. कमाई वरच्याच हिशेबाने ७२० रुपये, आणि मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही. या धंद्यात टिकतात ते अगदी स्वस्त वीज घाऊक भावात घेणारे, किंवा ज्यांच्याकडे वाया जाणारा गॅस किंवा पाणवीज आहे ते.

आता तुझ्या शेडबद्दल, कारण ही गोष्ट विकणारा तुला सांगणार नाही. एस ९ मध्ये पुढे एक आणि मागे एक पंखा असतो, मध्ये तीन बोर्ड, प्रत्येकावर ६३ चिप. पुढचा पंखा हवा खेचतो आणि ती हवा चिपवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमधून जाते. मागाच्या शेडमधल्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते त्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर बसतो. अशी एक मशीन माझ्याकडे आली होती. चिमट्याने धरून ओढलं तर अख्खा पापुद्रा निघाला, त्यावर पात्यांचे ठसे होते. मधल्या बोर्डच्या चिप जळलेल्या. बरं, ज्या खोलीत कापूस उडतो तिथे रात्रभर तापणारी वस्तू ठेवायची, हे मला दुरुस्तीवाला म्हणून अजिबात पटत नाही. एस २१ सारखी मशीन तर एकटी १५ अँपिअर सतत ओढते. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ती रात्रंदिवस चालवली की पिना तापून प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं.

आणि सवलतीची वीज मागासाठी मंजूर आहे. ती दुसऱ्या कामाला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. घरच्या धंद्याचं कनेक्शन त्यात गुंतवू नकोस.

ग्रुपवरच्या १० टक्क्यांबद्दल: गेनबिटकॉइन नावाची योजना हुबेहूब हेच सांगायची. महिन्याला १० टक्के, १८ महिने, मशिनी आमच्या. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. लोकांनी बिटकॉइन भरले होते आणि परत देताना कंपनीने त्यांच्या हातात स्वतःचंच एक नाणं ठेवलं, ज्याला बाजारात किंमत उरली नव्हती. तू वरचा हिशेब वाचलास, आता सांग, कुठल्या मशीनमधून महिन्याला १० टक्के निघतील? मोबाइलवर "माईन" बटण दाबायची ॲपही तसलीच. फोनने बिटकॉइन निघत नाही.

धोटा_इचल

मास्तर, मनापासून आभार. ८० रुपये रोजचा तोटा वाचून डोकं थंड झालं. छपरावर सोलर टाकलं तर?

सोल्डर_मास्तर_कोल्हापूर

एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं. एका एस २१ ला २१ किलोवॅटचं छप्पर लागेल. तेवढं सोलर टाकायची ऐपत असेल तर त्यावर माग चालव, कापड तरी निघेल.

आता विकत घेण्याबद्दल. केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद असलेलंच एक्सचेंज, म्हणजे नाणी घ्यायची-विकायची ऑनलाइन बाजारपेठ, घे. मार्च २०२३ पासून ही नोंद बंधनकारक आहे. पॅन, आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं. खातं उघडण्याआधी एवढं बघ की तिथून नाणं स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाण्यांची किल्ली आपल्याच हातात ठेवणाऱ्या ॲपमध्ये, काढून घेता येतं का. जिथे आत घ्यायला मोकळीक आहे आणि बाहेर काढायला नाही, तिथे जाऊ नकोस. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्सचेंजवर चोरी झाली, साधारण २३ कोटी डॉलरची. त्यात ज्यांनी नाणी आधीच स्वतःकडे काढून घेतली होती, त्यांची नाणी सुरक्षित राहिली.

पहिल्यांदा दोन हजारांचंच घे. घे, थोडं वॉलेटमध्ये काढ, परत एक्सचेंजवर पाठव. फी जाईल, जाऊ दे, ती शिकवणी समज. पाठवताना नेटवर्क तपास. एकच डॉलरचं नाणं (ज्याची किंमत एका डॉलरला बांधलेली असते) ट्रॉन नावाच्या नेटवर्कवर असतं तसंच इथेरियम नावाच्या दुसऱ्या नेटवर्कवर असतं. ट्रॉनचा पत्ता टी ने सुरू होतो, इथेरियमचा शून्य-एक्सने. चुकीच्या रस्त्याने पाठवलं तर परत मिळेलच असं नाही. पत्ता कधी हाताने टाइप करू नकोस. पेस्ट केल्यावर मात्र पूर्ण वाचून जुळव, कारण कॉपी केलेला पत्ता मधल्यामध्ये बदलणारे व्हायरस आहेत.

वॉलेट सुरू करताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. तेच तुझे पैसे. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, त्यामुळे अक्षर खराब असलं तरी चार अक्षरं स्वच्छ काढ. क्रमांक घालून बॉलपेनने कागदावर लिही, दोन प्रती कर. फोटो नको, गुगल ड्राइव्ह नको. मग वॉलेट पुसून टाक आणि त्या कागदावरून परत उभं करून बघ. हे सगळं पैसे टाकण्याआधी करायचं. कुणी "कस्टमर केअर" म्हणून हे शब्द मागितले तर फोन ठेव.

आणि टेलिग्रामवर अनोळखी माणसाला नाणं विकून पैसे बँकेत घेऊ नकोस. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या मोबाइलवाल्याने बाजारापेक्षा दोन रुपये जास्त मिळतात म्हणून डॉलरचं नाणं विकलं. आलेले पैसे कुणा तिसऱ्याच फसवल्या गेलेल्या माणसाचे निघाले. त्या फसवल्या गेलेल्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलं आणि बँकेने खातं गोठवलं. दुकानाचं भाडं, मुलाची फी, सगळं त्याच खात्यात. कित्येक महिने तो माणूस कागद घेऊन फिरत होता, आणि त्याने चोरी केलेलीच नव्हती.

पॅन_आणि_परतावा

सांगलीत कर सल्लागार आहे. मास्तरांनी बाकी सगळं सांगितलंय, कराचं मी सांगते.

बंदी आहे का, हे बरेच जण विचारतात. नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून रोखलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण बंदी नाही म्हणजे चलन आहे असंही नाही. कायद्याच्या भाषेत ही आभासी डिजिटल मालमत्ता आहे.

१ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी हा लागतो. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. आणि सगळ्यात जाचक नियम तोट्याचा. समजा, एक नाणं १० हजारांना घेऊन १४ हजारांना विकलंत, आणि दुसऱ्यात ६ हजार बुडाले. तुमच्या हिशेबाने २ हजारांचा तोटा. खात्याच्या हिशेबाने ४ हजारांचा नफा आणि १,२४८ रुपये कर. एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी तो विक्रीच धरला जातो. रोज अदलाबदल करणाऱ्या मुलांना मार्चनंतर रडताना मी बघते, म्हणून कळकळीने सांगते: कमी वेळा घ्या, कमी वेळा विका, आणि प्रत्येक व्यवहाराची तारीख आणि रुपयातली किंमत वहीत लिहा.

मायनिंगबद्दल मास्तरांच्या हिशेबात एक भर. मशीनचा, उभारणीचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरता येणार नाही, असं सरकारने २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केलंय. म्हणजे पुढे नाणं विकताना तोही वजा होत नाही.

सुताच्या व्यापाऱ्याचं: बिटकॉइन देऊन सूत घेतलंत तर कायद्याने तुम्ही बिटकॉइन विकलात. त्या दिवशीच्या भावाने नफा काढून ३० टक्के. टीडीएसची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते, आणि त्याला ते करायचं माहीत नसणार. जीएसटीचं बिल रुपयातच लागेल. दोघांच्या वह्या जुळल्या नाहीत तर नोटीस दोघांना. यूपीआय करा.

विवरणपत्र भरताना "सहज" फॉर्म चालणार नाही. क्रिप्टोसाठी वेगळं परिशिष्ट असतं, ते भरावंच लागतं, कारण कापलेला टीडीएस खात्याला आधीच दिसत असतो.

आल्प्समधला_सातारकर

खर्च करण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी स्वित्झर्लंडमध्ये असतो. इथल्या त्सुग शहराने २०१६ मध्येच पालिकेच्या छोट्या सेवांसाठी २०० फ्रँकपर्यंत बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली. २०२१ पासून त्सुग कँटनचा, म्हणजे प्रांताचा, करही त्यात भरता येतो. पण मधली कंपनी लगेच बदलून देते, सरकारच्या हातात फ्रँकच पडतात. साध्या गुंतवणूकदाराला नफ्यावर इथे कर नाही, म्हणून कॉफीचं बिल बिटकॉइनने दिलं तरी डोक्याला ताप नाही. भारतात प्रत्येक कॉफीमागे नफ्याचा हिशेब ठेवावा लागेल. त्यामुळे धोटा, तुझ्यासाठी हे सध्या ठेवण्याचं साधन आहे, खर्चण्याचं नाही. इथेही माझ्या ओळखीतले बहुतेक जण दुकानात कार्डच पुढे करतात.

धोटा_इचल

ताई, मास्तर, सातारकर, तिघांचे आभार. मशीनला नाही म्हणून कळवलं. ग्रुप सोडला, सोडण्याआधी मास्तरांचा हिशेब तिथे टाकला, तर ॲडमिनने लगेच काढून टाकला. पाच हजारांचंच घेणार, त्यातले दोन हजार शिकण्यासाठी. उरलेल्या पैशांतून एका बंद मागाचं काम काढतोय. एकच शंका: आधारवर माझं नाव वडिलांच्या नावासकट आहे, पॅनवर नाही. एक्सचेंज अडवेल का?

सोल्डर_मास्तर_कोल्हापूर

अडवू शकतं, आणि बँकेतलं नावही जुळावं लागतं. आधी पॅन दुरुस्त करून घे, ऑनलाइन होतं. तोवर कागदावर शब्द लिहून वॉलेट परत उभं करायचा सराव कर, त्याला पैसे लागत नाहीत. आणि त्या एस ९ वाल्याला विचार, १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि पंखे सुटे देणार असेल तर योग्य भावात मी घेतो. बोर्ड टेस्ट करायला मला ते लागतात.