नाव कॉलेजात, बैठक अभ्यासिकेत: बीएचे तास बुडवणं मला पटत नाही

सीनाकाठची
मी पुण्यात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास मेजर, राज्यशास्त्र मायनर. गाव परांडा तालुक्यातलं. सोमवारी सकाळी पावणेआठच्या तासाला आम्ही ९ जण होतो. पटावर ७२. बाकीचे काही आजारी नव्हते. त्यातले बरेचसे त्याच वेळी सदाशिव पेठेत नाहीतर नवी पेठेत अभ्यासिकेत खाली मान घालून एमपीएससीचा अभ्यास करत होते. माझी रूममेटही त्यांच्यातलीच. यावरून परवा आमचं चांगलंच वाजलं. ती म्हणते, "फॉर्म भरायला पदवी लागते म्हणून बीए. नाहीतर कोण कशाला करतंय गं?"

मला हे फार लागलं. का ते सांगते.

मागच्या महिन्यात सरांनी मोडी लिपीतल्या एका जुन्या कागदाची झेरॉक्स वाटली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला खालून टांगत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. पाऊण तासात आमच्या जेमतेम सहा ओळी झाल्या. एका ठिकाणी सगळेच अडलो. 'आठादिसांचीपाळी' हे अख्खं कुणाचं तरी नाव असावं असं धरून आम्ही चाललो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, "सर, आठा दिसांची पाळी. विहिरीच्या पाण्याची. आमच्या चुलत्यांत अजून अशीच आहे." त्यानंतर पुढच्या ओळी भराभर सुटल्या. दोन भावांत पाणी कसं वाटलं, मोट कुणी कधी धरायची, सगळं.

हे स्पर्धा परीक्षेच्या कुठल्या ठोकळ्यात, म्हणजे जाडजूड गाईडात, मिळणार? आणि तो मुलगा त्या दिवशी अभ्यासिकेत असता तर आम्ही आठ जण अजून त्या नावाच्या माणसाला शोधत बसलो असतो. वर्ग म्हणजे नुसते सर नव्हेत, शेजारी कोण बसलंय हेही आहे. म्हणून माझं म्हणणं आहे की तीन वर्षं तरी तासाला बसा. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत बसता येतं. बीए एकदाच होतं.

कॉट नंबर ४
ताई, कागदाची गोष्ट मनापासून आवडली. पण ३८ वर्षांचा हिशेब मांडू नकोस. आमच्या घरी तीन एकर, सोयाबीन आणि तूर. कॉटचं भाडं २,५००, मेस ३,०००, अभ्यासिका १,०००. दर महिन्याला वडील फोनवर पैसे पाठवल्याचं सांगतात आणि मग दोन सेकंद गप्प राहतात. त्या दोन सेकंदांत काय असतं ते मला कळतं. मी ३८ वर्षांचा होईपर्यंत ते थांबू शकत नाहीत. धाकटी बहीण बारावीला आहे.

आणि प्रत्येक वर्गात तुझ्या सरांसारखे सर नसतात. आमच्याकडे एका विषयाचे सर तासिका तत्त्वावर, तेही अर्धं सत्र उलटल्यावर आले. एक मॅडम २० वर्षांपूर्वीच्या वहीतून उतरवून देतात. जे झेरॉक्सच्या दुकानात ४० रुपयांना मिळतं ते लिहून घ्यायला मी सकाळचे तीन तास का घालवू? अभ्यासिकेत माझ्या डोक्याला शांतता मिळते, आयुष्यात पहिल्यांदा. घरी सात माणसं आणि दोन खोल्या.

नवी पेठ २०१७
मी कॉटवाल्याच्याच वाटेने गेलो, म्हणून लिहितो. बीएची तीन वर्षं एकही तास केला नाही. तेव्हा मुख्य परीक्षा बहुतेक पर्यायी प्रश्नांचीच होती, गोल रंगवायचे. नवीन वर्णनात्मक पद्धत लगेच लावू नका म्हणून २०२३ मध्ये पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, त्यांत मीही होतो. ती २०२५ पर्यंत पुढे गेली. आता मुख्य परीक्षेला निबंध २५० गुणांचा, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वर वैकल्पिक विषयाचे दोन. सगळं लिहायचं. माझ्याकडे माहिती खंडीभर आहे, पण सलग दोन पानं लिहायला घेतली की तिसऱ्या परिच्छेदात काय म्हणायचं तेच सुचत नाही. ते ज्या बाकावर शिकायचं होतं तिथे मी बसलो नाही. सीनाकाठची, तुझं बरोबर आहे. तासाला बसण्यात परीक्षेचाच फायदा आहे.

सीनाकाठची
दादा, पाठिंब्याबद्दल आभार, पण हे कारण मला नको आहे. उद्या पुन्हा गोल रंगवायची पद्धत आली तर मग तास बुडवायचे का? विहिरीचा कागद परीक्षेला येणार नाही. तरी तो वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्या आजीला वाचता येत नाही, पण 'पाळी' आणि 'मोट' हे शब्द तिच्या तोंडी रोज आहेत. शाळेच्या इतिहासात मला ती कधी भेटली नव्हती.

रानजाई
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. नवीन शैक्षणिक धोरणाने सत्राला २२ क्रेडिट केली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा विषय, वर फील्ड प्रोजेक्ट. ज्या विषयासाठी मी आर्ट्सला आले तो आठवड्यातून मोजकाच वाट्याला येतो. सगळ्या तासांना बसा म्हणणं सोपं आहे. मी मानसशास्त्राचे तास सोडत नाही, बाकीचे सोडते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

जुना खडू
मी तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत मिळून. कॉट नंबर ४, उशिरा आलेला तो मास्तर मीही असू शकतो. नेमणुकीचं पत्रच उशिरा येतं, त्याला माझा इलाज नाही. पण एक गोष्ट तुम्हा मुलांना आतून कळत नाही म्हणून सांगतो. ९ जणांपुढे शिकवायला मला आवडतं, खरंच आवडतं. मात्र ९ पैकी पाच जण घड्याळ बघत असले की तयारी केलेलं अर्धं मी गिळून टाकतो आणि सरळ मुद्दे लिहून देतो. वहीतून उतरवून देणाऱ्या त्या मॅडम पहिल्या वर्षी तशा नसतील. रिकाम्या बाकांनी मास्तर वाईट होतो आणि वाईट मास्तरामुळे बाकं रिकामी होतात. सुरुवात कुणी करायची म्हणाल, तर पगार घेणाऱ्याने. म्हणून मी अजून झेरॉक्स वाटतो.

कॉट नंबर ४
सर, तुमच्यावर रोख नव्हता, वाईट वाटून घेऊ नका. पत्राचं मला माहीत नव्हतं.

पण माझा निर्णय बदलत नाही. पूर्वपरीक्षा होईपर्यंत मी अभ्यासिकेतच बसणार.

सीनाकाठची
बस. पैशाचं तू सांगितलंस त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, माझे वडील एसटीत आहेत, पगार महिन्याच्या महिन्याला येतो. एवढंच विचारते, वर्गात तुझी हजेरी कोण लावतं?

कॉट नंबर ४
माझा गाववाला. रोज तासाला बसणाऱ्यांतला तो एक. माझा नंबर आला की खाली बघून आवाज बदलून "यस सर" म्हणतो. गेल्या आठवड्यात सरांनी वर बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, असं तो सांगत होता. सांगताना त्याचा चेहरा पडला होता. त्याला मी काल नको म्हणून सांगितलं. ७५ टक्के भरले नाहीत तर विभागात जाऊन मी स्वतः बोलेन.