थंडरबर्ड: मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवले तरी जीमेलची जागा मोकळी होत नाही

करकोचा (प्रश्न)
विंडोज 11 वर थंडरबर्ड (मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्रॅम) आहे. त्यात तीन खाती जोडली आहेत: आमच्या गृहनिर्माण संस्थेचं जीमेल, माझं स्वतःचं जीमेल आणि एक जुनं आउटलुक डॉट कॉम. सगळी आयमॅपने (म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात, थंडरबर्ड ते तिथून दाखवतं).
संस्थेच्या खात्याचे 15 जीबी भरत आलेत. 2019 पर्यंतचे मेल इनबॉक्समधून ओढून 'लोकल फोल्डर्स'मध्ये (संगणकावरच्या फोल्डरांत) टाकले. इनबॉक्समधून ते गेले, पण जागेचा आकडा हललासुद्धा नाही. असं का?
शिवाय आउटलुकचं खातं पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही. आणि संस्थेच्या खात्यातून पाठवलेल्या मेलवर सभासदांना माझा वैयक्तिक पत्ता दिसतो.

टपालहंशील
जागेचं आधी सांगतो, कारण तिथे घाई केली तर मेल कायमचे जातात.

जीमेलमध्ये खरे फोल्डर नसतातच, लेबलं असतात. इनबॉक्स हेही एक लेबलच. तुम्ही मेल ओढून बाहेर नेलात तेव्हा जीमेलने फक्त ते लेबल काढलं. मेल 'ऑल मेल'मध्ये, म्हणजे खात्यातल्या सगळ्या मेलच्या साठ्यात, जसाच्या तसा पडून आहे. आयमॅपमधून शेवटचं लेबल निघालं की मेल पुसायचा नाही, अर्काइव्ह करायचा (इनबॉक्सबाहेर जपून ठेवायचा), हा जीमेलचा मूळ नियम. जागा मोकळी होते ती मेल 'ट्रॅश'मध्ये जाऊन तिथूनही पुसला गेल्यावर. आपोआप पुसायला 30 दिवस लागतात, नाहीतर ट्रॅश हाताने रिकामा करायचा.

म्हणून क्रम असा ठेवा. 'लोकल फोल्डर्स'खाली वर्षवार फोल्डर करा. जीमेलच्या 'ऑल मेल'मध्ये तारखेने लावून घ्या आणि एकेका वर्षाचे मेल उजव्या टिचकीतून 'कॉपी टू' करा. 'मूव्ह' नको. 'ऑल मेल'मधूनच घेतलेत तर पाठवलेले मेलही येतात आणि दोन लेबलं असलेला मेल दोनदा येत नाही. (तुम्ही आधी हलवलेले मेलही यात पुन्हा येतील. तो जुना लोकल फोल्डर मग काढून टाकता येईल.) एका वेळी 500 ते 1000 मेल पुरे. हजारो मेल एकदम उचलले की काम मध्येच तुटतं आणि कुठवर आलं ते कळत नाही.

आयमॅपने दिवसाला 2500 एमबी उतरवता येतात, ही गूगलची मर्यादा. ओलांडली तर खातं थोड्या काळासाठी आयमॅपला बंद होतं. 12 जीबी उतरवायचे असतील तर पाच दिवस धरून चला.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडची संख्या जुळवा. मग थंडरबर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या खुणेने 'ऑफलाइन' व्हा आणि लोकल फोल्डरमधले मोठ्या जोडपत्रांचे चार-पाच मेल उघडा. ताळेबंदाची पीडीएफ ऑफलाइन असताना पूर्ण उघडली, तर प्रत खरोखर तुमच्या डिस्कवर आहे. मगच ऑनलाइन येऊन 'ऑल मेल'मधले ते मेल जीमेलच्याच 'ट्रॅश'मध्ये ओढा.

हे पुसण्याचं काम ब्राउझरपेक्षा थंडरबर्डमधून करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. ब्राउझरमध्ये संवाद एकत्र दिसत असताना 2018 चा मेल पुसलात, तर त्याच साखळीतलं गेल्या महिन्यातलं उत्तरही सोबत जातं. इथे एकेक मेल सुटा असतो.

मोगरा
वरच्यात एक भर. ते 15 जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. गूगलच्या स्टोरेजच्या पानावर आधी तिघांचा वेगवेगळा वाटा बघा. संस्थेच्या खात्यात गच्ची-दुरुस्तीचे व्हिडिओ ड्राइव्हवर पडून असतील, तर मेल उपसून काही उपयोग नाही.

आता आउटलुक. 16 सप्टेंबर 2024 पासून मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डने आत घेणं बंद केलं. पासवर्ड बरोबर असला तरी नकारच येणार. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये त्या खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'ऑथेंटिकेशन मेथड' ओऑथ2 करा (यात थंडरबर्डला पासवर्ड न देता मायक्रोसॉफ्टच्याच खिडकीत लॉगिन करायचं असतं). बहुतेक जण इथेच थांबतात आणि मग मेल येतात पण जात नाहीत. डाव्या यादीत सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' (मेल पाठवणारा सर्व्हर, म्हणजेच एसएमटीपी) आहे, तिथेही ओऑथ2 हवं. पोर्ट येणाऱ्यासाठी 993 (एसएसएल), जाणाऱ्यासाठी 587 (स्टार्टटीएलएस).

नंतर थंडरबर्डच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'तल्या साठवलेल्या पासवर्डांमधून आउटलुकच्या जुन्या नोंदी काढा आणि थंडरबर्ड बंद करून उघडा. लॉगिनची खिडकी येईल. ती कोरीच राहिली किंवा फिरून फिरून तिथेच आली, तर त्याच पानावर कुकीज बंद आहेत का बघा. त्या चालू असल्याशिवाय ओऑथ2 पूर्ण होत नाही. तरीही अडलं तर ब्राउझरमध्ये आउटलुकच्या सेटिंगमध्ये आयमॅपला परवानगी आहे ना, ते तपासा.

टपालहंशील
पत्ता चुकीचा दिसण्याचं कारण: संस्थेचं खातं मेल पाठवताना तुमच्या वैयक्तिक जीमेलचा आउटगोइंग सर्व्हर वापरतंय. जीमेल ज्या लॉगिनने मेल स्वीकारतं, त्याचाच पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालतं. दुसरा पत्ता त्या खात्यात आधी पडताळून जोडलेला असेल तरच तो राहू देतं. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये संस्थेच्या खात्याच्या नावावर टिचकी मारा. उजवीकडे तळाशी 'आउटगोइंग सर्व्हर'ची यादी आहे, तिथे संस्थेचाच सर्व्हर निवडा. यादीत तो नसेल तर नवा जोडा: एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 465, एसएसएल, ओऑथ2, आणि वापरकर्ता म्हणून संस्थेचा पूर्ण पत्ता.

करकोचा
आउटलुक सुरू झालं, पत्ताही बरोबर जातोय. आभार. 2016 ची कॉपी चालू आहे. हे लोकल फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवले तर चालतील?

मोगरा
बॅकअप म्हणून ठेवाच, पण मूळ जागा संगणकावरच राहू द्या. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये 'प्रोफाइल फोल्डर' (थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग जिथे असतात तो) उघडतो. थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर कॉपी करा. कार्यक्रम चालू असताना केलेली प्रत अर्धवट निघू शकते.
थंडरबर्ड मूळ पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतं. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी32 असेल तर 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस करून घ्या, पण फॉरमॅट करताना त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीचं काढून ठेवा. आणि लोकल फोल्डरमधून काही पुसलंत तर 'कॉम्पॅक्ट' करा. तोवर पुसलेला मेल फाइलमध्येच बसलेला असतो आणि फाइल लहान होत नाही.