वेताळ टेकडी आणि कोकण, दोन्हीला एकच सायकल: हार्डटेल की फुल सस्पेन्शन?

टेकडीवाली:
पुण्यात राहते. सकाळी वेताळ टेकडीच्या पायवाटा, आणि दिवाळीनंतर भोरवरून वरंध घाट उतरून कोकणात, तंबूसकट. दुसरी सायकल ठेवायला जागा नाही, बाल्कनी सासूबाईंच्या कुंड्यांनी कधीच जिंकली. उंची ५ फूट २ इंच. काय घेऊ?

चेनतेल:
हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), डोळे मिटून. फुल सस्पेन्शनमध्ये (पुढे-मागे दोन्हीकडे) फ्रेमच्या त्रिकोणात मागचा शॉक, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, येतो, मग पाणी-तंबू ठेवणार कुठे? तुमच्या उंचीला तो त्रिकोण आधीच चिमुकला. पुढे १२० मिमी दबणारा एअर फोर्क (हवेवर चालणारं पुढचं सस्पेन्शन) पुरे. सामान लादलं की पंपाने हवा थोडी वाढवायची. स्प्रिंगवाल्यात ही सोय नाही.

घाटउतार:
सीटबॅगचं (सीटमागे लटकणारी सामानाची बॅग) कुणी बोललंच नाही! लहान फ्रेम आणि २९ इंची चाक म्हणजे सीट-टायरमध्ये अंतर उरत नाही, बॅग चाकावर घासते. ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट खाली-वर करणारा दांडा) खाली घेतलात तर विचारूच नका. २७.५ इंची चाक बघा, नाहीतर मागे कॅरियर बसेल अशी फ्रेम. टायर २.४ इंच रुंद, आणि ट्यूबलेसच. टेकडीवर बाभळीचे काटे आहेत.

टेकडीवाली:
काट्यांचं पटलं, रोजचंच आहे. गिअरचं काय? दुकानदार म्हणतो पुढे दोन चकत्या हव्यात.

चेनतेल:
नकोत. पुढे एकच, ३० दात्यांची; मागे ५१ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), म्हणजे चढाला हलका गिअर मिळतो. येताना तोच घाट भरल्या सायकलने चढायचाय ना? आणि पैसे उरले तर आधी हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, रंग-बिंग नंतर.