बाळाच्या कानापुढे बारीक भोक आणि हातावर एकच आडवी रेघ, काळजीचं आहे का?

प्राजक्ता_एन:
मुलगी झालीय, बारसं अजून व्हायचंय. मालिशवाल्या मावशींना तिच्या उजव्या कानापुढे, जिथे कान गालाला चिकटतो तिथे, टाचणी टोचल्यासारखं भोक दिसलं आणि डाव्या तळहातावर एकच सरळ आडवी रेघ आहे. सासूबाई म्हणतात सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा तू भाजी चिरलीस, नणंदेने गूगल करून डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रातल्या फरकाने जन्मजात वाढ मंद असणं) काढलं, तेव्हापासून मला झोपच नाही. दूध छान ओढते, रडते पण जोरात. प्लीज कोणाला माहिती असेल तर सांगा.

सिस्टर_मेघा:
आधी ते ग्रहण डोक्यातून काढा. बाहेरचा कान सहाव्या आठवड्याच्या आसपास सहा छोटे उंचवटे जुळून बनायला लागतो, ते पूर्ण जुळले नाहीत की असं भोक राहतं. सातव्या महिन्यात कान कधीच तयार झालेला असतो, तुमच्या चिरण्याचा काही संबंध नाही.
रेघेचं म्हणाल तर एका हातावर अशी रेघ शंभरात चारेक धडधाकट माणसांना असते. डाऊनच्या जवळपास निम्म्या मुलांना असते हे खरं, पण त्या बाळांचं अंग सैल असतं, डोळ्यांची ठेवण वेगळी, मानेमागे जास्तीची कातडी, असं बरंच काही सोबत दिसतं. नुसत्या रेघेवरून कोणी निदान करत नाही. भोक, रेघ अशी कुठलीतरी एखादी बारीकशी खूण साधारण सातातल्या एका बाळाला असतेच, तीन किंवा जास्त एकत्र दिसल्या की मग हृदय, किडनी वगैरे नीट बघतात. तुमच्याकडे दोन आहेत म्हणून लसीची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना एकदा टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत बघायला सांगा.

अमोल७७:
आमच्या घरात वडिलांना, मला आणि मुलाला तिघांनाही कानापुढे भोक आहे, वारशानेच येतं. एकच कळकळीने सांगतो, ते पिळू नका, तेल घालू नका. मुलाचं एकदा पिकलं, सूज, पू, ताप, अँटीबायोटिक द्यावं लागलं. आणि ऐकण्याची ओएई टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, बाळ झोपलेलं असताना होते.

वैशाली_सातारा:
कमरेखाली माकडहाडापाशी पण बघायला सांगा. तिथला उथळ खळगा बहुतेक वेळा काही नसतो, पण वर केसांचा झुपका किंवा गाठ असेल तर मणक्याची सोनोग्राफी करतात. खर्चाची अडचण असेल तर मुलांच्या मोफत तपासणी-उपचाराची सरकारी आरबीएसके योजना आहे, जिल्हा रुग्णालयात तिचं डीईआयसी केंद्र कुठे आहे ते विचारा.

प्राजक्ता_एन:
खूप आभार सगळ्यांचे. पाठ बघितली, साफ आहे. ओएई राहिलीय. मला प्रेग्नन्सीत शुगर होती, ते सांगायला हवं का?

सिस्टर_मेघा:
हो, नक्की सांगा. कानापुढे भोक आणि आईला शुगर असेल तर किडनीची सोनोग्राफी करून घेतात, सुई नाही की भूल नाही. डिस्चार्ज कार्ड आणि तुमचे शुगरचे रिपोर्ट घेऊन जा, आणि जमलं तर सासूबाईंनाही सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचंही समाधान होईल.