पावसाळ्यात स्टुडिओत पोर्ट्रेट काढायचे आहे: कोट, साडी आणि चष्म्याचे काय करावे?

प्रश्न (फोंड्याची लेखापाल)

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या लेखा विभागात मी १९ वर्षे काम करत आहे आणि येत्या ऑगस्टपासून त्या विभागाची जबाबदारी माझ्याकडे येणार आहे. संकेतस्थळासाठी आणि वार्षिक अहवालासाठी कंपनीने माझे छायाचित्र मागितले आहे. त्यासाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पणजीतल्या एका स्टुडिओत सकाळी एका तासाची वेळ घेतली आहे. रविवारी मी घरी नाट्यसंगीताचा छोटा वर्ग घेते. त्याच्या माहितीपत्रकासाठीही एक छायाचित्र हवे असल्याने त्याच तासात दोन पोशाख उरकावेत, असा माझा विचार आहे.

कपाटात चार पर्याय आहेत: गडद निळा कोट आणि आत घालायला पांढराशुभ्र सुती शर्ट, रुंद जरीकाठाची मोरपंखी रेशमी साडी, लाल-पांढऱ्या चौकडीची कुणबी साडी, आणि बारीक उभ्या रेघांचा आकाशी कुडता. कुणबी साडी मला मनापासून आवडते, पण ती छायाचित्रात कशी दिसेल, याचा अंदाज येत नाही.

माझ्या धास्तीला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी ओळखपत्रासाठी हाच आकाशी कुडता घालून एका ठिकाणी फोटो काढला होता, तेव्हा पडद्यावर त्या रेघांऐवजी इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटल्या, चष्म्याच्या दोन्ही काचांवर हिरवे ठिपके आले आणि कपाळ तुपाचा हात लावल्यासारखे चकाकत होते. माझा वर्ण गव्हाळ आहे, चष्मा कायमचा आहे आणि चेहऱ्यावर थर चढवलेला मला सोसत नाही. कपडे कोणते निवडावेत आणि आदल्या आठवड्यात काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

उत्तर (मडगावचा जुना स्टुडिओवाला)

ताई, मी रोल धुण्याच्या काळापासून या धंद्यात होतो. आता स्टुडिओ मुलाकडे आहे, तरी सवयीने कपड्यांकडे आधी नजर जाते. आकाशी कुडत्यात दोष तुमचा नव्हता. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्म बिंदूंची जाळी असते, आणि कापडावरच्या रेघा जवळजवळ तितक्याच बारीक असल्या, की एका जाळीवर दुसरी जाळी ठेवल्यावर दिसतात तशा लाटा उमटतात. फोटोवाले त्याला मॉयरे म्हणतात. मूळ चित्र स्वच्छ असले, तरी संकेतस्थळासाठी ते लहान केल्यावर हाच दोष नव्याने उगवतो. म्हणून कुणबी साडीची चौकडी बोटभर रुंद असेल तर बिनधास्त नेसा. तांदळाएवढी असेल, तर आधी दोन मीटरवरून मोबाइलवर फोटो काढा, तो पडद्यावर अंगठ्याएवढा करा आणि मग ठरवा.

दुसरी गोष्ट अशी, की हनुवटीखालचे कापड हा एक लहानसा दिवाच असतो. त्यावर पडलेला प्रकाश उलटून गळ्यावर आणि जबड्यावर येतो, आणि येताना कापडाचा रंग घेऊन येतो. भडक लाल कापड गळ्याशी असेल तर जबडा तांबूस दिसतो, पोपटी असेल तर माणूस आजारी दिसतो. हे घरीच पाहता येते. सकाळी खिडकीसमोर उभे राहून लाल साडीचा घोळ हनुवटीशी धरा, मग तो बाजूला करून साय-रंगाचा पंचा धरा. गळ्याखालच्या सावलीत फरक लगेच कळतो. चौकडीत पांढरा रंगही असल्याने साडीचा हा त्रास थोडा कमी होईल, पण ब्लाउज मात्र लाल शिवू नका.

निळा कोट उत्तम आहे. काळ्यापेक्षा गडद निळा नेहमीच बरा, कारण काळ्या कोटाच्या घड्या आणि शिवण चित्रात बुडून जातात. त्याच्या आतला पांढराशुभ्र शर्ट मला खटकतो. कपडे पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी चमक आणणारी द्रव्ये असतात, ती फ्लॅशच्या प्रकाशात निळसर उजळतात आणि पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याआधी कॉलरवर जाते. साय-रंगाचा, फिकट पिस्त्याचा किंवा राखाडी शर्ट घाला. स्टुडिओत मागचा कागद कोणत्या रंगाचा आहे, हे फोन करून विचारून ठेवा; गडद कागदापुढे गडद कोट घालायचा असेल, तर खांद्याची कड उजळणारा मागचा दिवा लावायला त्यांना आवर्जून सांगा, नाहीतर खांदे अंधारात विरघळतील. मोरपंखी रेशमी साडी लग्नसमारंभासाठी ठेवा. रुंद जर फ्लॅशला आरशासारखे उत्तर देते आणि तुम्हाला हव्या असलेल्या चित्रात ती चेहऱ्याशी भांडेल.

चष्मा काढू नका. ज्यांनी तुम्हाला रोज चष्म्यात पाहिले आहे, त्यांना त्याविना तुमचे डोळे अनोळखी वाटतील. काचांवरच्या आवरणामुळे हिरवट ठिपका येतो; दिवा जरा वर चढवला आणि चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलून धरल्या, की काच खाली झुकते आणि ठिपका निघून जातो. दांड्या उचलल्याचे समोरून कुणाला कळत नाही. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील, तर स्टुडिओत थोडे आधी पोहोचा, म्हणजे त्या निवळतील.

आणि सेल्फी पाहून स्वतःला नापास करू नका. हातभर अंतरावरून नाक मोठे आणि कान लहान दिसतात, कारण नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ असते. पोर्ट्रेटसाठी बहुतेक छायाचित्रकार ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स घेऊन दोन मीटरच्या आसपास उभे राहतात, त्यामुळे चेहऱ्याचे प्रमाण जागेवर येते. शिवाय आपण आयुष्यभर आपला आरशातला चेहरा पाहिलेला असतो, ज्यात भांगाची बाजू उलटलेली असते. चित्रात तो सुलटा दिसला, की पहिल्यांदा हमखास चुकल्यासारखे वाटते.

वर्गाच्या छायाचित्राबद्दल माझे मत वेगळे आहे. एका तासात साडी, केस आणि दागिने बदलणे म्हणजे दोन्ही चित्रांची ओढाताण आहे. जुलैतले ढगाळ आभाळ हा फुकटचा मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याचा प्रकाश मऊ करणारी पेटीच असतो. घराच्या सोप्याच्या कडेला, वळचणीच्या आत, अंगणाकडे तोंड करून तंबोरा घेऊन बसलात, तर तसला प्रकाश स्टुडिओत विकत घ्यावा लागेल. फक्त हिरव्यागार झाडाच्या अगदी जवळ बसू नका. तो हिरवेपणाही चेहऱ्यावर येतो. कुणी पणजीतल्या फोंताइनेश वस्तीच्या रंगीत भिंतींचा सल्ला दिला, तर मुळीच ऐकू नका. तिथे पिवळी आणि निळी भिंत दोन्ही गालांवर उतरते आणि राहणारी माणसे फोटोवाल्यांना कंटाळलेली आहेत, तेही रास्तच आहे.

उत्तर (म्हापशाची शिवणकाम करणारी)

वरच्या भाऊंनी रंगाचे सांगितले आहे. मी मापाचे सांगते. उभे राहिल्यावर कोट अंगावर नीट बसतो, पण स्टुडिओत तुम्हाला बहुधा स्टुलावर बसवतील आणि बसल्यावर कोट मानेमागे वर चढतो. तेव्हा मागचा घेर ओढून त्यावर बसावे आणि खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी येते का, हे आधी आरशासमोर बसूनच पाहावे. कंबरेत सैल वाटला तर उसवायच्या भानगडीत पडू नका. पाठीमागे दोन कपड्यांचे चाप लावले, की समोरून तो अंगच्या मापाचा दिसतो. स्टुडिओत ही जुनी युक्ती आहे आणि तिची कुणाला लाज वाटत नाही.

आपल्याकडे जुलैत कपाट उघडले, की काय वास येतो, हे सांगायला नको. कोटाच्या कॉलरखाली आणि साडीच्या घडीच्या रेषेवर बुरशीचे पांढरे ठिपके असतात. खोलीत ते दिसत नाहीत आणि दिव्यात दिसतात. म्हणून दोन आठवडे आधीच कपडे बाहेर काढा, पंख्याखाली वाऱ्यावर टाका आणि मऊ ब्रश फिरवा. इस्त्री आदल्या रात्री करून कपडा हँगरवर प्लास्टिकच्या खोळीत न्या. फोंड्याहून निघताना कोट अंगावर चढवलात, तर पणजीला उतरेपर्यंत कोपरांशी चुण्या पडलेल्या असतील. अंगावर साधा सैल कपडा असू द्या, कारण घट्ट इलॅस्टिकचे, घड्याळाच्या पट्ट्याचे आणि गळ्यातल्या जाड साखळीचे वळ त्वचेवर बराच वेळ राहतात.

कुणबी साडीबद्दल एक सांगते. कुणबी आणि गावडा बायका शेतात ती गुडघ्याच्या जरा खाली येईल अशी, खांद्यावर गाठ मारून नेसत असत; नंतर ती मागे पडली आणि कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांच्यामुळे तिच्याकडे शहराची नजर पुन्हा वळली. तुम्ही ती साध्या पद्धतीने नेसणार असाल, तर हलकी खळ द्या. कडक खळीने पदर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो आणि चौकडीच्या रेघा खांद्यावर मोडतात. केसांत आबोलीची फाती माळायची असेल तर ती अगदी शेवटी माळा.

चेहऱ्याचे म्हणाल, तर भुवया तीन-चार दिवस आधी कोरून घ्या आणि त्या आठवड्यात नवे फेशियल करू नका. उन्हापासून वाचवणारे जे क्रीम पांढरी झाक सोडते, ते त्या सकाळी टाळा. त्यातली जस्त किंवा टायटॅनियमची भुकटी फ्लॅशमध्ये चेहरा पिठूळ करते. चकाकी टिपायला टिपकागद पुरतो. पावडर वर वर थापत गेलात, की घामाबरोबर तिच्या वड्या होतात.

उत्तर (वास्कोचा एक वाचक)

मी थोडा विरोध नोंदवतो. आमच्या कार्यालयात मी रोज अर्ध्या बाहीचा शर्ट घालतो, पण फोटोसाठी कुणाच्या तरी सल्ल्याने कोट आणि टाय चढवला. चित्र निर्दोष आले. पुढे एका बैठकीत बाहेरगावच्या पाहुण्यांनी मला ओळखलेच नाही आणि शेजारी बसलेल्या कोटवाल्या गृहस्थांना माझ्या नावाने नमस्कार केला. ताईंनी कार्यालयात कधी कोट घातला आहे का, हे त्यांनी लिहिलेले नाही. घालत नसतील तर कॉटनची साडी किंवा चांगला एकरंगी कुडता का नको? तसेच इतर विभागप्रमुखांची छायाचित्रे कशी आहेत, हे कंपनीला आधी विचारावे. सगळे फिकट पार्श्वभूमीवर असतील आणि आपण एकट्याच काळोखात असू, तर त्यापुढे पोशाखाची निवड गौण ठरते.

प्रश्नकर्तीचा पाठपुरावा

सर्वांचे मनापासून आभार. जे घडले, ते सांगते. वास्कोच्या भाऊंचा प्रश्न मला लागला. लेखापरीक्षकांच्या बैठकांना मी कोट घालते, एरवी नाही, म्हणून कंपनीत विचारले. इतरांची छायाचित्रे फिकट राखाडी कागदावर होती आणि त्यांतल्या दोघी साडीत होत्या. तरीही कोट ठेवला, कारण वार्षिक अहवाल ज्यांच्या हाती जातो, ते मला कोटातच भेटतात. आत साय-रंगाचा शर्ट घातला.

त्या सकाळी बाणस्तारीच्या पुलाजवळ वाहने तुंबली आणि मी तासातली पंचवीस मिनिटे गमावून पोहोचले. साडीचा विचार तिथेच सोडून दिला, तो किती बरा झाला, हे आता कळते. छायाचित्रकाराने दिवा वर चढवला, तेव्हा मीच चष्म्याच्या दांड्या किंचित उचलल्या. तो हसला आणि म्हणाला, हे तुम्हाला कुणी शिकवले? पाठीला दोन लाकडी चाप लावून मी स्टुलावर बसले होते, आणि त्यांतला एक मधेच निसटून फरशीवर खणकन पडला. त्यानंतरची चारपाच चित्रे सगळ्यांत मोकळी आली.

पुढच्या रविवारी पाऊस थांबल्यावर भाच्याने सोप्यात माझा तंबोऱ्यासह फोटो मोबाइलवर काढला. त्याला अंगणात तीन पावले मागे उभे केले आणि जवळ न येता मोबाइलमध्येच दुप्पट जवळ आणायला सांगितले. कुणबी साडीची चौकडी दीड बोट रुंद होती, त्यामुळे लाटा आल्या नाहीत. पहिल्या काही चित्रांत डाव्या गालावर हिरवट छटा होती. मी पपनसाच्या झाडाशेजारी बसले होते, ते खांबापलीकडे सरकल्यावर गेली.

स्टुडिओने निवडीसाठी अठरा चित्रे पाठवली. मला पसंत पडलेल्या चित्रात चेहरा जरा वळलेला होता. विभागातल्या तिघींना ते दाखवले, तर तिघींनीही ते बाजूला सारून मी नाकारलेले एक उचलले. त्यात भांग मला चुकीच्या बाजूला वाटत होता. कंपनीला तेच पाठवले आहे.