पालकांना नेमकं काय विचारायचं? वर्गातलं वागणं आणि घरची माहिती (अनुभव धागा)

मुलाचं वर्गात बिनसलं की पालकांना बोलावलं जातं आणि बहुतेक वेळा त्यांना फक्त सांगितलं जातं. विचारलं फार कमी जातं. ज्यांना हे विचारायचं तंत्र ठाऊक आहे त्यांनी इथे लिहावं: कोणते प्रश्न, कधी, उत्तराचं पुढे काय करायचं, कुठे फसतं. किस्से नकोत, मुलांची आणि शाळांची नावं नकोत. पालकांनीही लिहावं.

वर्गशिक्षिका, प्राथमिक

पालकांना फोन करण्याआधी शाळेचे 5 दिवस नोंद ठेवा. एका कागदावर तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. शेजारी वेळ. मधल्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहायचं. 'उद्धटपणा केला' हे आपलं मत झालं. 'वही काढा म्हटल्यावर दप्तर ढकललं, 4 मिनिटं बाकाखाली बसला' ही नोंद. पाच दिवसांनी कागद आडवा न वाचता उभा वाचा. सगळे प्रसंग लिखाणाच्या तासाला आहेत का? मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत आहेत का? तिसऱ्या रकान्यात दर वेळी 'बाहेर उभं केलं' असेल, तर लिखाण टाळायची सोय आपणच करून दिली आहे.

हे हातात असलं की प्रश्न आपोआप लहान होतो. 'घरी कसा असतो?' याला 'चांगला असतो' एवढंच उत्तर येणार. 'घरी लिहायला बसल्यावर किती मिनिटांनी उठतो? उठायच्या आधी काय करतो?' याला खरं उत्तर येतं.

फोनवरचं पहिलं वाक्य 'तक्रार नाही, मला तुमच्याकडून माहिती हवी आहे' असंच हवं. नुसतं 'उद्या भेटायला या' म्हटलं की त्या रात्री मुलाची घरी झाडाझडती होते आणि दुसऱ्या दिवशी समोर एक घाबरलेलं मूल आणि आधीच बचावाला बसलेले पालक येतात. भेटीला 20 मिनिटं ठेवा, फाटकापाशी उभ्याने नको, मूल समोर नको. सुरुवात मुलाच्या एका नेमक्या चांगल्या गोष्टीने, मग नोंदीचा कागद, मग तुम्ही गप्प. शेवटची 5 मिनिटं दोघांनी काय करायचं ते लिहायला राखून ठेवा, नाहीतर गप्पा होतात आणि हाती काही लागत नाही.

शालेय समुपदेशक

बाईंच्या नोंदीला माझी एक जोड: भेटीत 'का' हा शब्द टाळा. 'तो असं का करतो?' म्हटलं की पालक आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहतात आणि कारणं रचायला लागतात. कधी, कुठे, कोणासोबत, त्याआधी काय, हे विचारा. मी साधारण असे प्रश्न वापरते: असं घरी शेवटचं कधी झालं, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं? शांत व्हायला किती वेळ लागतो? तुम्ही काय केल्यावर ते वाढतं? कोणतं काम तो न सांगता करतो? शाळेतून आल्यावरचा पहिला तास कसा जातो? कोणाचं नाव आधी सारखं घ्यायचा आणि आता घेत नाही?

'काय केल्यावर वाढतं' हा यातला सर्वांत मोलाचा. पालकांनी वर्षानुवर्षं प्रयोग केलेले असतात, फक्त त्यांना कोणी निष्कर्ष विचारलेले नसतात. पाठीवर हात ठेवला की चिडतो, नजरेला नजर द्यायला लावली की बिथरतो, दोन सूचना एकदम दिल्या की काहीच करत नाही. यातलं एक वाक्य कळलं तरी तिसरा रकाना बदलतो.

शाळेतून आल्यावरच्या पहिल्या तासाचा प्रश्न उलट बाजूने उपयोगी पडतो. काही मुलं दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी पोचल्यावर फुटतात. वर्गात 'काहीच त्रास नाही' अशी ज्यांची नोंद असते, त्यांच्या पालकांनाही म्हणून हा प्रश्न विचारायचा.

आता नेहमीचं वाक्य: 'घरी तर असं काहीच करत नाही.' ते खोटं धरू नका. घरी एका मोठ्या माणसामागे एक-दोन मुलं असतात, उठून फिरता येतं, पाळीची वाट पाहावी लागत नाही, गोंगाट कमी असतो. मग पुढचा प्रश्न: गर्दीत, वाढदिवसाला, खेळाच्या मैदानावर, पाहुणे आले की कसं असतं? तिथेही ठीक असेल तर मोर्चा वर्गाकडे वळवा. वाचन अडतंय का, कोणी छळतंय का, शेजारी कोण बसतं. परस्पर 'एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) दिसतोय' म्हणणाऱ्यांसाठी: त्या निदानाला लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि काही लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. निदान शिक्षकांनी करायचं नसतं, समुपदेशकांनीही नाही. आपण नोंदी द्यायच्या.

बालरोगतज्ज्ञ

शरीराचे प्रश्न सगळे विसरतात. 'झोप पुरते का?' असं विचारू नका, कारण उत्तर 'हो' असतं. 'काल किती वाजता डोळा लागला, सकाळी आपणहून उठला की उठवावं लागलं?' असं विचारा आणि तास मोजा. 6 ते 12 वर्षांना 9 ते 12 तास लागतात, 13 ते 18 ला 8 ते 10. कमी झोपलेलं लहान मूल पेंगेलच असं नाही, उलट जास्त धावतं. घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, हेही विचारा.

सर्दीनंतर कधीकधी कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू येणं कमीजास्त होत राहतं. एक दिवस ऐकतो, दुसऱ्या दिवशी नाही, मग 'मुद्दाम करतो' असा शिक्का बसतो. पालकांना दोन गोष्टी पाहायला सांगा: टीव्हीचा आवाज वाढवतो का, पाठमोरा असताना हाक ऐकतो का. हे घरी खात्रीने कळत नाही, त्यामुळे शंका असली तर कानाची तपासणीच.

मध्येच काही सेकंद नजर शून्यात जाते, हाक मारून किंवा खांद्याला हात लावूनही भंगत नाही आणि मग मूल काही झालंच नाही असं पुढे सुरू करतं? हा एक प्रकारचा आकडी-विकार असू शकतो. घरी दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवायला सांगा.

बद्धकोष्ठ आणि शाळेचं स्वच्छतागृह टाळणं याचाही विचार करा. दुपारनंतर चुळबुळ वाढते ती कधीकधी एवढ्यासाठीच. डबा न संपवणारं, पाणी न पिणारं मूल असेल तर सरळ विचारा.

औषध चालू असेल तर कशासाठी ते सांगायची पालकांवर सक्ती नाही. 'सकाळी काही देता का, किती वाजता, त्याने झोप येते का' इतकं पुरतं. सर्दीच्या काही सिरपने सुस्ती येते. एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या मेथिलफेनिडेट या औषधाच्या कमी वेळ टिकणाऱ्या गोळीचा परिणाम साधारण 4 तासांत ओसरतो, त्यामुळे सकाळी सातला दिलेल्या गोळीचं मोजमाप बाराच्या तासाला करू नका.

विशेष शिक्षक

फॉर्मबद्दल थोडक्यात. चाळीस प्रश्नांचा छापील कागद दप्तरातून पाठवला की कोरा येतो, किंवा सगळीकडे 'कधीकधी' वर टिक. सहा प्रश्न पुरे, आणि शक्यतो तोंडी. सगळ्यांना लिहिता-वाचता येतंच असं नाही आणि ते चारचौघांत सांगायला लाज वाटते. भाषेची अडचण असेल तर दुभाषी म्हणून त्याच मुलाला किंवा त्याच्या ताई-दादाला बसवू नका. अर्धं गाळलं जातं.

प्रमाणित साधन हवंच असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची 1997 मध्ये प्रसिद्ध झालेली, मुलांच्या वागण्या-भावनांबद्दलच्या 25 विधानांची प्रश्नावली आहे, एसडीक्यू. पालकांसाठी वेगळी, शिक्षकांसाठी वेगळी, पण विधानं जवळजवळ तीच. ती चाळणी आहे, निदान नव्हे. दोघांच्या उत्तरांत जिथे मोठा फरक पडतो, तिथूनच बोलायला सुरुवात करावी.

पालक

समोरच्या खुर्चीतून. भेटीला जाताना तीन ओळी लिहून न्या: कशाने शांत होतो, कशाने पेटतो, गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात काय बदललं. घर बदललं, बाळ आलं, आजारपण, कोणाचं जाणं, कामाच्या वेळा. तपशील द्यायचे नसतील तर 'घरात एक बदल झालाय, त्यापुढे बोलणार नाही' हेही चालतं आणि शिक्षकांना तेवढं पुरायला हवं. एक प्रश्न आपण विचारायचा: मी सांगितलेलं कोण कोण वाचणार आहे?

शिक्षकांना विनंती, फक्त आईला विचारू नका. सकाळी मुलाला तयार कोण करतं ते आधी विचारा. आजी करत असेल तर सकाळची माहिती आजीकडेच असते.

आणि सकाळी शाळेत घडलेल्याची शिक्षा संध्याकाळी घरी नको. सहा वर्षांच्या मुलाला त्या दोन गोष्टींचा धागा सहज जुळत नाही.

पर्यवेक्षिका

माहिती मिळाली, पुढे काय? आमच्याकडे वर्गात भरून घरी जाणारं रोजचं कार्ड चालतं. त्यावर जास्तीत जास्त 3 गोष्टी, आणि 'करू नये' च्या भाषेत नाहीत: 'पहिली ओळ सांगितल्यावर 2 मिनिटांत सुरू केली'. प्रत्येक तासाला हो किंवा नाही. सुरुवातीची अट मुलाच्या आवाक्यात हवी. पाच दिवसांच्या नोंदीत 8 पैकी 4 तास जमत असेल तर बक्षिसाची रेषा 4 वर. पहिल्याच आठवड्यात 8 मागितले की मूल तिसऱ्या दिवशी सोडून देतं. बक्षीस घरी, त्याच संध्याकाळी, बिनखर्चाचं: खेळाची पंधरा मिनिटं जास्त, गोष्ट कोणती ते त्याने ठरवायचं. त्याला काय आवडतं हे पालकांनाच माहीत असतं.

कार्ड फसतं ते नेहमी एकाच प्रकारे. कोणीतरी मागे लाल शाईने तक्रार लिहितं. त्या दिवसापासून कार्ड 'हरवायला' लागतं. हरवलं तर बक्षीस नाही, पण ओरडणंही नाही, इतकाच नियम ठेवा.

पालकांना एक आधीच सांगून ठेवा: ज्या वागण्याने आजवर लक्ष मिळायचं तिकडे दुर्लक्ष सुरू केलं की काही दिवस ते वाढू शकतं. हे न सांगितल्यास चौथ्या दिवशी घरचे म्हणतात 'उपाय उलटला' आणि सगळं बंद पडतं. एका वेळी एकच बदल करा, दोन आठवड्यांनी कार्ड एकत्र बसून पाहा.

पालकांनी सांगितलेल्यातलं किमान एक काहीतरी तीन दिवसांत वर्गात करा आणि तसं कळवा. 'तुम्ही म्हणालात म्हणून आता एकेक सूचना देतोय.' एवढा निरोप गेला नाही तर पुढच्या वेळी कोणी मनापासून सांगत नाही.

वर्गशिक्षिका, प्राथमिक (पुन्हा)

हा निरोप वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर नको, स्वतंत्रच. आणि एक राहिलं. काही पालक म्हणतात, 'बिनधास्त दोन लावा, आमची हरकत नाही.' त्यावर उपदेश करून भेट वाया घालवू नका. 'मी हात उचलणार नाही. ज्या दिवशी तुम्ही न मारता त्याने ऐकलं, तेव्हा काय केलं होतं ते सांगा.' थोडा वेळ शांतता पसरते, ती भरू नका. मग बहुतेकदा काहीतरी येतं: समोर बसून सांगितलं, आधी पाणी दिलं, घाई नव्हती. ते जसंच्या तसं कागदावर घ्या. मात्र बोलण्यातून मुलाला घरी इजा होते आहे असं जाणवलं, तर 'हे आपल्यातच राहील' असा शब्द देऊ नका. शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी सांगा, आणि ऐकलेले शब्द तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.