सार्वमताचा कौल निसटता लागला, तर आमदार-खासदारांवर बंधन किती?

सातार्डा_नाका विचारतात:

वाचनालयाच्या चर्चेसाठी 1967 च्या गोव्याच्या सार्वमताची टिपणं काढतोय. 16 जानेवारीला मतदान झालं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. गोव्यात पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021. तेरेखोलच्या अलीकडे अजून कुणीतरी म्हणतंच, "एवढ्याशा मतांवर कायमचा निकाल?"

अडतंय ते पुढे. कौल असा लागला की लोकप्रतिनिधीने तो जसाच्या तसा राबवायचा, की 'जवळजवळ निम्मे विरोधात होते' म्हणून सौम्य करायचा? आणि ज्याच्या मतदारसंघाने उलट मत दिलंय, त्याने काय करायचं? ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचं, नाव सगळे घेतात, पण नेमकं काय घडलं ते कुणी सांगत नाही.

---

खाडीपलीकडचा:

आधी ज्या कायद्याखाली मतदान झालं तो कायदा काढून वाचा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

ब्रिटनचेच दोन कायदे शेजारी ठेवा. 2011 ला मतदानपद्धत बदलायची का, यावर सार्वमत झालं. त्या कायद्यात लिहिलेलंच होतं की 'हो'ची मतं जास्त भरली तर मंत्र्याने नवी पद्धत लागू करायचा आदेश काढलाच पाहिजे, नाही भरली तर ती कलमं रद्द करायची. एका मताचा फरक असता तरी मंत्र्याला पर्याय नव्हता. (प्रत्यक्षात प्रस्ताव सपाटून आपटला.) 2016 च्या ब्रेक्झिट मतदानासाठी 2015 ला जो कायदा झाला, त्यात मात्र निकालानंतर कोणी काय करायचं याबद्दल अक्षर नाही. म्हणून जानेवारी 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 3 असा निर्णय दिला: सार्वमताला राजकीय वजन आहे, पण युरोपीय संघातून बाहेर पडायची नोटीस द्यायला संसदेचा कायदा लागेल. मग संसदेने तो केला. दुसऱ्या वाचनाला 498 विरुद्ध 114. त्या 498 मध्ये 'राहू या' म्हणून प्रचार केलेले कितीतरी खासदार होते.

म्हणजे 51.9 विरुद्ध 48.1 हा फरक थोडा आहे म्हणून खासदारांनी कौल नाकारला नाही. घोडं पेंड खाल्लं ते पुढे. मतपत्रिकेवर दोनच गोष्टी होत्या, राहायचं की सोडायचं. सोडून कुठे जायचं, जकात संघात (सभासद देशांत आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सारखीच) राहायचं की नाही, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे विचारलंच नव्हतं. 15 जानेवारी 2019 ला बाहेर पडण्याचा सरकारने केलेला करार 432 विरुद्ध 202 ने पडला. 27 मार्चला खासदारांनी आठ पर्याय स्वतःच मतदानाला टाकले, एकालाही बहुमत नाही. 1 एप्रिलला जकात संघाचा पर्याय 273 विरुद्ध 276, तीन मतांनी गेला.

---

दोन_पानं_एक_फूल:

जेवढं विचारलं तेवढ्यापुरताच कौल, हे सूत्र गोव्याला लावून बघा, चर्चेला जास्त उपयोगी पडेल.

विलीनीकरण हा मगोपचा (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा) मुख्य मुद्दा. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्या पक्षाचे मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली. कौल विरोधात गेला. आणि 28 मार्च 1967 च्या निवडणुकीत त्याच मतदारांनी मगोपला 30 पैकी 16 जागा दिल्या, बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! म्हणजे ज्यांना केंद्रशासित प्रदेश नको होता, त्यांच्याच हाती तो चालवायला आला. लोकांनी 'विलीनीकरण नको' आणि 'राज्य तुम्हीच करा' ही दोन वेगळी उत्तरं दिली होती. दोन्ही एकदम पाळणं हे त्या आमदारांचं काम.

दुसरं म्हणजे, मतपत्रिकेवर 'स्वतंत्र घटकराज्य' हा पर्याय नव्हता, भाषेचाही प्रश्न नव्हता. ते सगळं पुढच्या लोकप्रतिनिधींना मोकळं राहिलं. राजभाषा कायदा 1987 चा, घटकराज्यही 30 मे 1987 ला. कौल मोडला असं त्याबद्दल म्हणता येत नाही, कारण तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. मात्र कौलानंतर वर्षभरात विलीनीकरणाचा ठराव मागच्या दाराने आणला असता, तर ती सरळ दगाबाजी ठरली असती.

आणि 'आहे तसंच' जिंकलं की राबवायला कायदा लागत नाही, हात आवरले की झालं. बदल जिंकला की खरी परीक्षा.

---

उभी_आडवी:

बाबानू, 'एक मत जास्त म्हणजे बास' हे मला तितकंसं पटत नाही. उंबरठा किती, ते आधी ठरवता येतं की!

आपल्याकडचंच घ्या, दारूबंदीचं मतदान. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान. चिन्हं दोन: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण आडवीला नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. समजा यादीत 1,200 बायका आहेत. 700 आल्या, 580 जणींनी आडवी केली, 120 जणींनी उभी. तरी दुकान चालूच, कारण 601 हव्या होत्या. मुंबईला कामाला गेलेल्या आणि यादीतून न वगळलेल्या मयत बायका, सगळ्यांची गणती उभ्या बाटलीतच. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदारयादी दुरुस्त करून घ्या, हे पहिलं काम.

स्कॉटलंडला 1979 मध्ये स्वतःचं विधिमंडळ हवं का, या सार्वमतात हेच झालं. 51.6 टक्के 'हो', पण एकूण मतदारांच्या 40 टक्के हवेत अशी अट, भरले 32.9. विधिमंडळ मिळालं नाही, आणि कटुता वीस वर्षं पुरली.

---

खाडीपलीकडचा:

उंबरठा आधी ठरला तर माझीही हरकत नाही. निकाल बघून मागाहून लावायचा नाही, एवढंच.

---

सातार्डा_नाका:

आणि सदसद्विवेकाचं काय? आमदाराला पटतच नसेल तर?

---

दोन_पानं_एक_फूल:

माल्टा बघा. मे 2011 मध्ये घटस्फोटावर सल्ल्यापुरतं सार्वमत झालं, सुमारे 53 टक्के 'हो'. पंतप्रधान गोन्झी यांनी संसदेत विरोधात मत दिलं, पण विधेयक अडवलं नाही. 52 विरुद्ध 11 ने मंजूर झालं. स्वतःचं एक मत नाकारणं वेगळं आणि हातातल्या सत्तेने वाट अडवणं वेगळं. आपल्याकडे पक्षाने व्हीप काढला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टापुढे (पक्षांतरबंदी) ही चैन आमदाराला परवडत नाही, हेही चर्चेत सांगा.

सौम्य करण्याचं उदाहरण हवं तर स्वित्झर्लंड. फेब्रुवारी 2014, 50.3 टक्क्यांनी राज्यघटनेत कलम घातलं: तीन वर्षांत स्थलांतरितांवर वार्षिक कोटा. डिसेंबर 2016 मध्ये संसदेने कोटा घातलाच नाही. बेकारी जास्त असलेल्या व्यवसायांत रिकाम्या जागा आधी रोजगार केंद्राला कळवा, एवढ्यावर भागवलं. माझ्या मते ही पळवाटच. पण तिथल्या लोकांना पुन्हा मतदानाचा मार्ग मोकळा होता, आणि सप्टेंबर 2020 मध्ये युरोपशी मुक्त ये-जा बंद करण्याचा प्रस्ताव त्यांनीच 61.7 टक्क्यांनी फेटाळला. भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूदच नाही. गोव्यासाठीही खास कायदा करावा लागला होता, त्यामुळे पुन्हा मतदान घेऊन चूक सुधारायची सोय इथे गृहीत धरू नका.

चर्चेला मतपत्रिकेची दोन चिन्हं मोठी छापून फळ्यावर लावा, आणि खाली 'काय विचारलं नव्हतं' असा रिकामा रकाना ठेवा. लोकच भरतील.